पत्रकं टाइप कोणी केली?

सरांनी कादंबरी आणली ती युरियाच्या गोणीपासून शिवलेल्या पिशवीत. वर भरताची हिरवी वांगी, खाली कादंबरी. वांगी माझ्यासाठी होती आणि कादंबरी टाइप करायला. फुलस्केपची ६१२ पानं, एका बाजूनं लिहिलेली, काही तर परीक्षेच्या जुन्या कोऱ्या पुरवण्यांवर. तिथं बैठक क्रमांकाच्या चौकटीत सरांनी प्रकरण क्रमांक घातला होता.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रबंध, पतसंस्थांचे अहवाल, दशक्रियेची कार्डं असली कामं. कादंबरी पहिल्यांदाच आली. सर अमळनेरचे, अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. दर मंगळवारी पॅसेंजरनं यायचे, तपासलेली पानं द्यायचे, नवी न्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मी म्हटलं, "सर, फाइल मोबाईलवर पाठवते." तर म्हणाले, "ताई, कागदावर लाल पेन चालतो. मोबाईलवर नुसता अंगठा चालतो."

गोष्ट अशी. बाप, मुलगा आणि नातू. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला पोरांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले, हे खानदेशात कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. सरांच्या कादंबरीतला बाप त्या मिरवणुकीत शेवटच्या रांगेत होता आणि गोळीचा आवाज ऐकून पळाला होता. ते तो आयुष्यभर कोणाला सांगत नाही. मुलगा १९७४ ला वसतिगृहात राहून शिकतोय. बहात्तरच्या दुष्काळानंतर महागाई अशी भडकलेली की मेसचं बिल दर महिन्याला वाढतंय आणि ताटात लाल मिलो ज्वारीची भाकरी. शेजारी गुजरातेत डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसच्या बिलावरूनच ठिणगी पडलेली, आणि ९ फेब्रुवारीला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. सुरतेची गाडी ह्या बातम्या रोज घेऊन यायची. इकडची पोरंही मेसवर बहिष्कार टाकतात. मुलगा सुट्टीत घरी येतो तेव्हा बाप अंगणात खाटेवर बसून म्हणतो, "आम्ही देशासाठी रस्त्यावर उतरलो होतो. तुम्ही वरणासाठी."

हे पान १४३. हा आकडा पुढे कामाला आला म्हणून लक्षात आहे.

नातवाचा भाग मला तितकासा पटला नाही. नातू हिंजवडीत नोकरीला, कानात सदा हेडफोन, बापाशी बोलत नाही. सरांना स्वतःचं पोर कळलेलं नाही हे त्या पन्नास पानांवरून लगेच कळतं. तसं मी त्यांना म्हटलं नाही. मी टायपिस्ट, समीक्षक नव्हे.

पण टायपिस्टला एक गोष्ट मिळते, जी समीक्षकाला मिळत नाही. मजकूर बोटांतून जातो. वाचणारा माणूस ओळी सोडून पुढे जाऊ शकतो, मला एकही काना सोडता येत नाही. त्यामुळे लेखक कुठं रमलाय आणि कुठं हात झटकून निघालाय ते बोटांना आधी कळतं. भाषणं आली की सरांचं अक्षर मोठं आणि मोकळं व्हायचं. बायका आल्या की बारीक. "आईने भाकरी वाढली." "बहिणीने दार लावून घेतले." संपलं.

प्रूफं वाचताना लेक मदतीला बसायची. वीस वर्षांची आहे, बी.एस्सी.ला. ती हस्तलिखित मोठ्यानं वाचायची आणि मी पडद्यावर ताडून बघायचे. जुन्या छापखान्यांत असंच चालायचं. नायकाची भाषणं ती रेल्वेच्या उद्घोषणेसारखी वाचायची, "यात्रीगण कृपया ध्यान दें" च्या चालीवर. एकदा मध्येच थांबून म्हणाली, "आई, यानं मेसवर बहिष्कार टाकलाय ना? मग हा जेवतो कुठं? अकरा दिवस झाले, नुसता बोलतोय."

पुढच्या मंगळवारी मी सरांना हा प्रश्न विचारला. सर हसले. म्हणाले, गावोगावहून भाकऱ्या यायच्या. आया पहाटे उठून भाकरी-ठेचा फडक्यात बांधायच्या, वर चिठ्ठी, आणि एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायच्या. स्टँडवर दोन पोरं गाड्यांची वाट बघत उभी असायची. पारोळ्याची गाडी आली की वीस भाकऱ्या, चोपड्याची आली की तीस. एका आईनं तर बिबड्याही, म्हणजे ज्वारीचे पापड, पाठवल्या होत्या, तळायला तेल कुठून आणायचं याचा विचार न करता. पोरांनी तशाच कच्च्या चावून खाल्ल्या.

"सर, हे कादंबरीत का नाही?"

"हे काय लिहायचं," सर म्हणाले.

माझी बोटं खरी अडली ती आणखी पुढं. "रातोरात पत्रकं निघाली." "सकाळी गावभर पत्रकं वाटली गेली." "पोलिसांनी पत्रकं जप्त केली, तर दुपारपर्यंत नवी तयार!" अशी वाक्यं मी मोजली, अकरा ठिकाणी होती. पत्रकं निघत होती, वाटली जात होती, तयार होत होती. जणू बोरी नदीला पूर यावा तशी आपोआप येत होती. मी पंचवीस वर्षं लोकांचं टाइप करते. आपोआप काही तयार होत नाही, हे मला माहीत आहे. वीज गेली की तर अजिबातच नाही.

मी विचारलं, "सर, ही पत्रकं टाइप कोणी केली?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. खाली कोणीतरी स्कूटर काढत होतं, आठ-दहा किका मारल्या तरी सुरू होईना. ती सुरू झाल्यावर म्हणाले, "होती एक. टायपिंगच्या क्लासला जायची."

आणि मग जे सांगितलं ते असं. मुलींच्या वसतिगृहाला संध्याकाळी सात वाजता कुलूप लागायचं, म्हणून पोरांच्या रात्रीच्या बैठकांना त्या नसायच्या. मजकूर चिठ्ठीवर लिहून दुपारी लायब्ररीत एका ठरलेल्या पुस्तकात ठेवायचा. ती क्लासला जाताना चिठ्ठी घेऊन जायची आणि सरावाच्या तासात स्टेन्सिल, म्हणजे प्रती काढायचा मेणकागद, कापायची. क्लासवाल्याला वाटायचं पोरगी मेहनती आहे. कापलेली स्टेन्सिल वहीत घालून ती परत त्याच पुस्तकात ठेवायची. पोरं रात्री एका शाळेच्या सायक्लोस्टाइल मशीनवर प्रती काढायची, शिपाई ओळखीचा होता.

"आमच्यात तिला कोणी पुढारी म्हटलं नाही," सर म्हणाले. "आम्ही भाषणं करायचो ना."

पुढच्या खेपेला सर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एक पत्रक घेऊन आले. पन्नास वर्षांचा कागद, घड्यांवर फाटलेला, चहासारखा पिवळा. मी तो टेबलाच्या दिव्याखाली धरला. स्टेन्सिल कापणं मी शिकलेय. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये चौऱ्याण्णवपर्यंत शिकवायचे, तोवर झेरॉक्स गल्लोगल्ली झाली होती तरी. फीत बाजूला करायची आणि खिळे थेट मेणकागदावर मारायचे. हात एकसारखा पडला पाहिजे. जोर जास्त झाला की 'ठ'चं पोट गळून पडतं आणि कागदावर काळा ठिपका उमटतो. कमी झाला की अक्षर उठतच नाही. चूक झाली की लाल द्रव लावायचा, नेलपॉलिशसारखा वास येणारा, तो वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचं आणि त्यावर पुन्हा मारायचं. त्या पत्रकात 'ठ' सात वेळा होता. सातही पोटं शाबूत. एका ठिकाणी 'विद्यार्थी'च्या 'द्या'भोवती पुसट डाग, म्हणजे तिथं द्रव लावून दुरुस्ती केलेली. चोरून, घाईत, क्लासच्या तासात बसून, आणि तरी तिनं एक चुकलेलं जोडाक्षर तसं जाऊ दिलं नाही.

मग माझी नजर खाली डाव्या कोपऱ्यात गेली. तिथं बारीक अक्षरं होती. दोन अक्षरं, तिरकी रेघ, आणखी दोन अक्षरं.

"सर, हे काय?"

"तो गठ्ठ्याचा नंबर असावा. आमच्यातलं कोणीतरी टाकत असेल."

तो नंबर नव्हता. ऑफिसच्या पत्रात असं टाकायला आम्हाला शिकवायचे. तिरक्या रेघेच्या आधी मजकूर सांगणाऱ्याच्या नावाची अक्षरं, नंतर टाइप करणाऱ्याच्या नावाची. सवयीनं टाकलं असेल, नाहीतर मुद्दाम. मी सरांना विचारलं, पहिली दोन अक्षरं तुमची का? त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला. हो म्हणाले. आणि दुसरी दोन? सर बराच वेळ काही बोलले नाहीत. पोलिसांच्या हातात पत्रकं पडत होती त्या दिवसांत पोरगी प्रत्येक पत्रकावर सही करत होती आणि ते पन्नास वर्षांत कोणी वाचलं नव्हतं. मेमध्ये भुसावळला रेल्वेचा संप सुरू झाला, ८ तारखेला, तेव्हा तिचा बाप गावाहून बैलगाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. गाड्या बंद होत्या म्हणून बैलगाडी. परीक्षेचा निकाल तेव्हा पुण्याहून यायचा, विद्यापीठ पुण्याचं होतं. निकाल लागला त्याच्या आधी तिचं लग्न लागलं.

सरांनी एक नवं प्रकरण लिहायला घेतलं.

इथं फर्म्याची गंमत सांगते. पुस्तक डेमी आकाराचं, एक फर्मा १६ पानांचा. आमची पानं भरत होती २८६, दोन कोरी धरून अठरा फर्मे बरोबर. नवं प्रकरण झालं अकरा पानांचं. म्हणजे एकोणिसावा फर्मा लावायचा आणि पाच पानं कोरी सोडायची, किंवा मजकूर वाढवायचा. छापखानावाला म्हणाला, "कागदाचे पैसे तेवढेच, मॅडम." सर म्हणाले, "मग भाकऱ्यांचं लिहितो." एसटीचा कंडक्टर, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, कच्च्या बिबड्या, सगळं त्या पाच पानांत आलं. माझ्या मते आख्ख्या कादंबरीत तीच सोळा पानं चांगली आहेत, आणि त्यातली पाच फर्म्याच्या हिशेबानं आली. प्रकरणाला सरांनी मथळा म्हणून ती दोन अक्षरं दिली, बाकी काही नाही. मुद्रितशोधकानं तिथं प्रश्नचिन्ह केलं. सरांनी शेजारी लाल पेनानं लिहिलं, "असेच राहू द्या."

दुसऱ्या एका चुकीबद्दल मला थोडा अभिमान आहे. नायकाचा जन्म ऑक्टोबर १९५६ चा आणि मार्च १९७७ च्या निवडणुकीत तो अभिमानानं मतदान करून बोटावरची शाई बापाला दाखवतो. वय वीस. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं, अठरा झालं ते १९८९ साली. माझ्या भावाला त्या वर्षी अठरा पूर्ण झाली होती, त्यानं शाई आठवडाभर धुतली नव्हती, म्हणून मला पक्कं ठाऊक. सरांनी कपाळावर हात मारला. मग ती शाई बापाच्या बोटावर गेली आणि पोरगा केंद्राबाहेर नुसता उभा राहिला. प्रसंग उलट चांगला झाला. आणीबाणीत अठरा-अठरा वर्षांची पोरं तुरुंगात जाऊन आली आणि मत देता येईना.

माझ्या पिढीचं मात्र कादंबरीत काही नाही. बेचाळीस आहे, चौऱ्याहत्तर आहे, हिंजवडी आहे, मध्ये आम्ही नाही. सरांचा दोष नाही. मी चौऱ्याण्णव साली कॉलेजात गेले आणि त्याच साली विद्यापीठांचा नवा कायदा आला, कॉलेजातल्या निवडणुकाच बंद. सी.आर., म्हणजे वर्गप्रतिनिधी, तो वर्गात पहिला आलेला. आम्ही घोषणा दिल्या त्या गॅदरिंगमध्ये, वन्स मोअरच्या.

आता माझी चूक. पुण्याच्या मुद्रितशोधकानं प्रूफ परत पाठवलं. कादंबरीत म्हाताऱ्या बायका अहिराणी बोलतात, "तुन्हा पोऱ्या कोठे शे?" वगैरे. माझं माहेर पारोळ्याकडचं, मला ते टाइप करताना माहेरी गेल्यासारखं वाटायचं. पण सरांच्या निवेदनातही दोन-तीनदा 'शे' शिरला होता. मुद्रितशोधकानं त्याला गोल करून 'आहे' लिहिलं आणि समासात लिहिलं, "सर्वत्र". रात्रीचे साडेअकरा झालेले. मी सर्वत्र म्हणजे सर्वत्र केलं. शोधा 'शे', घाला 'आहे', सगळीकडे. कळ दाबली. संगणकानं आज्ञा पाळली.

सकाळी प्रिंट काढली. आहेतकरी. आहेजारी. आहेवटी. नायक स्टँडवर आहेवभाजी खात होता. पोलीस इन्स्पेक्टर विआहेष बंदोबस्त ठेवत होते. लेक जमिनीवर लोळून हसली. मला रडू येत होतं. उलटं फिरवावं तर मूळचे सगळे 'आहे' 'शे' झाले असते आणि आख्खी कादंबरी अहिराणीत गेली असती. पेन ड्राइव्हवर दहा दिवसांपूर्वीची फाइल सापडली, त्यावर दहा दिवसांच्या दुरुस्त्या पुन्हा केल्या. तीन रात्री गेल्या. बाद झालेली ती सगळी प्रूफं एका बाजूनं कोरी होती, कोपऱ्यात रचून ठेवली. कोरी बाजू मी कधी टाकत नाही.

सरांना सांगावं लागलंच. मला वाटलं रागावतील. ते 'आहेवभाजी' तीनदा वाचून म्हणाले, "'शे'चा सूड आहे हा, ताई."

ह्याच दिवसांत लेकीच्या कॉलेजात वेगळंच चाललं होतं. शिष्यवृत्तीचे पैसे दोन वर्षं खात्यात आले नव्हते आणि फी बाकी म्हणून पोरांच्या गुणपत्रिका अडवलेल्या. लेकीचा मोबाईल सारखा वाजायचा, ग्रुपवर एकशे चाळीस पोरं. एका मंगळवारी सर बसले होते, ते वैतागले. "आम्ही रस्त्यावर उतरलो होतो बेटा. तुम्ही आपले ग्रुपवर."

मी पडद्यावरून मान न काढता म्हटलं, "सर, पान १४३."

सर गप्प झाले. मग त्यांनी पाणी मागितलं.

लेकीनं माझ्याकडे बाद प्रूफं मागितली. फ्लेक्सला पैसे नव्हते, म्हणून एकेका कागदावर एकेक अक्षर, एकेका पोराच्या हातात, असा त्यांचा बेत. मार्कर घेऊन चौघं माझ्या दुकानात बसली. पहिल्या खेपेला त्यांनी 'शि', 'ष्', 'य' असे तीन कागद केले. अर्धा 'ष' हातात घेऊन बिचाऱ्यानं दिवसभर काय उभं राहायचं? मी ते एकत्र करून दिलं. 'त्ती'च्या कागदावर वेलांटी ऱ्हस्व काढली होती, तीही बदलायला लावली. मागण्या मान्य होवोत न होवोत, माझ्या दुकानातून ऱ्हस्व बाहेर जाणार नाही. शि, ष्य, वृ, त्ती, द्या. पाच कागद, पाच पोरं.

दोन दिवस ती कॉलेजच्या फाटकाबाहेर उभी होती. दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद केलं आणि भरीत-भाकरीचा डबा घेऊन गेले. वाटेत लक्षात आलं, बायका नुसत्या भाकऱ्या वाढताना दाखवल्या म्हणून सरांवर खार खाऊन होते, ती मी. डबा चांगला जड होता.

तो मंगळवार होता. सर शेवटच्या प्रूफावर सही करायला आले होते, दुकानाला कुलूप बघून त्यांनी फोन केला आणि रिक्षा करून तिथंच आले. पिशवी काखेत, ऊन डोक्यावर. पोरांकडे बघत थोडे लांब उभे राहिले. तेवढ्यात 'त्ती' धरलेल्या पोराला बाथरूमला जायचं होतं. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि जवळच्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात कागद दिला, "काका, दोन मिनिटं धरा ना."

सरांनी कागद घेतला. छापील मजकूर दिसल्यावर त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, कागद दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरला आणि वाचायला लागले. अक्षर बाहेरच्या बाजूला, मजकूर आतल्या. मार्करची शाई मागून उमटली होती तरी वाचता येत होतं.

"'आहेकडो विद्यार्थी रस्त्यावर उतरले,'" सरांनी मोठ्यानं वाचलं. "ताई, हे दुरुस्त झालंय ना?"

झालं होतं. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात वार्ताहरानं फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आला, आतल्या पानावर, दोन कॉलमी. चार पोरं आणि त्यांच्या रांगेत 'वृ' आणि 'द्या' यांच्या मध्ये पांढरा शर्ट घातलेला एक माणूस, काखेत युरियाची पिशवी. चेहरा कागदामागे गेलाय. खाली पोरांची नावं आहेत, सरांचं नाही. वेलांटी दीर्घ आहे, मी तपासली.